बाहुलीच्या बुडावरचं नाव

महाड सोडून पोलादपूरकडे निघालं की फाल्गुनात बांधाबांधावर पांगारा फुललेला दिसतो. पानं झडून गेलेली, काटेरी फांद्या उघड्या आणि त्यांच्या टोकांना लालभडक फुलांचे घोस. शेतकऱ्याला हे झाड प्रिय असतं ते फुलांसाठी नव्हे. पावसाच्या तोंडाला त्याची फांदी नुसती खोचली तरी जगते, म्हणून कुंपणाला पांगारा, मिरीचा वेल चढवायला पांगारा. घराच्या वाशाला किंवा दाराच्या चौकटीला मात्र कोणी तो घेत नाही. लाकूड हलकं, पोकळसर आणि किडीला लवकर बळी पडणारं.

खाली सिंधुदुर्गात याच टाकाऊ समजल्या गेलेल्या लाकडातून सावंतवाडीची रंगीत खेळणी होतात आणि कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर कलावंतांच्या कळसूत्री बाहुल्या कोरल्या जातात. कारण साधं आहे. पांगारा मऊ असल्याने हत्याराला अडत नाही, वाळल्यावर फार वजन राहत नाही आणि त्यावर लेप चांगला धरतो. नाचवायची बाहुली जड असेल तर तासाभराच्या खेळात सूत्रधाराचा हात भरून येईल.

लाकडी बाहुली कशी घडते ते इथे क्रमाने सांगायचं आहे. आपल्याकडची जुनी ठकी, सावंतवाडीचं लाखकाम आणि जपानच्या ईशान्येकडची ‘कोकेशी’ या तिघी मी मुद्दाम शेजारी ठेवल्या आहेत. लाकूड, लेथ आणि रंग यांचं शास्त्र तिन्हीकडे जवळजवळ सारखं. कारागिराच्या वाट्याला पुढे काय आलं, ते मात्र फार वेगळं आहे.

सुरुवात झाडापासून करू. ओल्या लाकडाची बाहुली करू नये, हे प्रत्येक सुतार सांगतो. त्यामागचं कारण असं. हिरव्या लाकडात पाणी दोन ठिकाणी असतं: पेशींच्या पोकळीत आणि पेशींच्या भिंतीत. पोकळीतलं पाणी आधी उडून जातं, त्याने आकार बदलत नाही. ओलावा साधारण 30 टक्क्यांच्या खाली गेला की भिंतीतलं पाणी सुटायला लागतं आणि मग लाकूड आक्रसतं. ते सगळीकडे सारखं आक्रसत नाही. लांबीत जवळजवळ नाहीच. गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेने थोडं, आणि वर्तुळांच्या वळणाच्या दिशेने त्याच्या सुमारे दुप्पट. या ओढाताणीमुळे गोल ओंडका वाळताना गाभ्यापासून सालीपर्यंत उभा चिरतो. बाहुली कोरून झाल्यावर हे घडलं तर चीर नेमकी तोंडावर येते. म्हणून जाणकार कारागीर ओंडका आधी उभा फाडतो, मधला गाभा काढून टाकतो आणि राहिलेल्या पाकळ्यांतून ठोकळे काढतो.

महाड-पोलादपुरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. इथे लाकूड वाळवणं हेच अर्धं काम. तोड पावसाळा संपून झाड कोरडं झाल्यावर करायची, साल लगेच काढायची, ठोकळ्यांच्या दोन्ही टोकांना शेण-माती किंवा मेण फासायचं आणि सावलीत, वारा खेळेल अशा जागी एकाआड एक रचून ठेवायचं. टोकं बंद करायची, कारण पाणी सर्वात वेगाने तिथूनच निघतं आणि भेगाही तिथूनच सुरू होतात. पांगाऱ्याची साल काढायला उशीर झाला तर लाकडावर निळसर बुरशीचे डाग पडतात. ते पुढे कितीही घासले तरी जात नाहीत.

जपानच्या तोहोकू भागातले कोकेशी करणारेही असंच करतात. त्यांचं आवडतं झाड ‘मिझुकी’, पांढऱ्या, बारीक पोताचं. ते शरदापासून हिवाळ्यापर्यंत तोडतात, साल सोलतात आणि सहा महिने ते वर्षभर, कधी त्याहूनही जास्त, उघड्या हवेत वाळवतात. लाकूड जितकं पांढरं राहील तितका बाहुलीचा चेहरा उजळ, कारण त्वचेला रंग द्यायचाच नसतो. नुसतं लाकूडच तिची कांती.

आता ठकी. आपल्या आज्या-पणज्यांच्या खेळात असलेली ही बाहुली एका अखंड ठोकळ्याची. हात वेगळे नाहीत, पाय तर नाहीतच. लुगड्याचा घोळ थेट बुडापर्यंत आलेला, हात छातीशी किंवा कमरेशी अंगाला चिकटलेले, डोळे मोठे, नाकात नथ. भातुकलीत तिचं लग्न लागायचं, बारसं व्हायचं आणि ती हातातून कितीही वेळा पडली तरी मोडायची नाही.

ती मोडत नाही याला कारण तिचा आकारच आहे. लाकडाचे तंतू उभे असतात. उभ्या दिशेने लाकूड बळकट, आडव्या दिशेने कमकुवत. ठोकळ्यातून आडवा पसरलेला हात कोरला तर त्यातले तंतू आखूड राहतात आणि पहिल्या आपटीत हात तुटतो. म्हणून ठकीचे हात अंगालगत, उठावात कोरलेले. तिला घडवणाऱ्यांना शरीररचना ठाऊक नव्हती असं कोणाला वाटत असेल तर ते चूक आहे. लाकडाची जात ओळखून घेतलेला तो निर्णय होता आणि मुलीच्या हाती जाणाऱ्या वस्तूसाठी याहून चांगला निर्णय सुचत नाही.

वीतभर लांब आणि चार बोटं जाड असा वाळलेला ठोकळा घ्या. तंतू उभे येतील असा तो धरायचा. पुढच्या बाजूला बरोबर मध्यावर एक उभी रेघ. नाक, गळा, चोळीची गाठ, लुगड्याच्या निऱ्या, सगळं या रेघेवरून मोजलं जातं आणि ती पुसली की पुन्हा मारायची. मग वरचा साधारण चौथा भाग डोक्यासाठी सोडून गळ्याची खूण करायची.

गळा काढताना नवखा माणूस पटाशी घेऊन सुटतो आणि फसतो. पटाशी तंतूंच्या दिशेने घुसली की लाकूड उभं सोलत जातं. बघता बघता हनुवटी निघून येते. म्हणून आधी करवतीने चारही बाजूंनी बेताची आडवी खाच पाडायची. या खाचेने तंतू तिथे तोडले जातात. मग वरून हनुवटीच्या बाजूने आणि खालून खांद्याच्या बाजूने, दोन्हीकडून खाचेकडे पटाशी चालवायची. प्रत्येक कपची खाचेपाशी येऊन गळून पडते, पुढे जात नाही. कमरेलाही हीच रीत. मोठा भाग उतरवायला वाकस, बारीक कामाला पटाशी, गोलाईला कानस.

चेहऱ्यावर नाक चिकटवायचं नसतं. नाकाएवढी उभी धार मध्यरेघेवर शिल्लक ठेवायची आणि तिच्या दोन्ही बाजूंचं लाकूड खाली उतरवायचं. गाल आपोआप तयार होतात. डोळे कोरायचे नाहीत. ते रंगाचं काम. बूड सपाट कापून मधोमध किंचित खोलगट करायचं, म्हणजे बाहुली कडेवर उभी राहते आणि डगमगत नाही. शेवटी घासणं. आता सगळीकडे पॉलिश कागद आला, पण कोकणात खरवतीची खरखरीत पानं यासाठी वापरत. गंमत म्हणजे जपानी कारागीरही वाळवलेल्या एका खरखरीत गवतवजा वनस्पतीनेच कोकेशी घासत आले आहेत. तिचं नाव ‘तोकुसा’. तिच्या कांड्यांत वाळूचाच घटक असतो.

घासलेल्या पांगाऱ्यावर थेट रंग दिला तर लाकूड तो पिऊन टाकतं आणि डाग डाग दिसतात. त्यासाठी अस्तर लागतं आणि ते आपल्या स्वयंपाकघराजवळचं आहे: चिंचोके. चिंचोके भाजून, भिजवून त्यांची तपकिरी साल काढायची, आतला पांढरा गर वाटायचा आणि पाण्यात शिजवून खळ करायची. या खळीत खडूची बारीक पूड मिसळली की लेप तयार. पहिला हात पातळ, म्हणजे तो लाकडाच्या छिद्रांत शिरतो. तो पूर्ण वाळला की घासायचा, मग दुसरा हात, मग तिसरा. जाड थर एकदम दिला तर वाळताना त्याला बारीक भेगा पडतात आणि रंगासकट पापुद्रा निघतो. सावंतवाडीच्या गंजिफाच्या पत्त्यांनाही चिंचोक्याचाच लेप असतो, फक्त तो कापडावर. आंध्रातल्या कोंडापल्लीच्या बाहुल्यांत तर चिंचोक्याची खळ आणि लाकडाचा भुसा कालवून हातपाय जोडतात.

जुनी माणसं या खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालत. चित्राच्या मागे किंवा पुस्तकाच्या बांधणीत ते ठीक. मूल तोंडात घालेल अशा वस्तूत मोरचूद अजिबात नको. हीच काळजी जुन्या रंगांबद्दल. हिंगुळात पारा असतो, हरताळात सोमल. घरात पणजीच्या वेळची रंगीत ठकी असेल तर ती कपाटात जपावी, रांगत्या बाळाच्या हाती देऊ नये.

इथवरचं काम हाताचं. दुसरी वाट लेथची, म्हणजे कातारी कामाची. पोळपाट, लाटणं, भोवरा, पाळण्याचे खूर, चक्री आणि भातुकलीची बोळकी या वाटेने येतात. कोकेशीही याच वाटेची.

जुना लेथ दोन माणसांचा. एकजण दांड्याला गुंडाळलेली दोरी पुढेमागे ओढतो, दांडा उलटसुलट फिरतो, दुसरा त्यावर हत्यार धरतो. हत्यार फक्त एका दिशेच्या फेऱ्यात कापतं, परतीच्या फेऱ्यात ते किंचित मागे घ्यावं लागतं. एकट्याने काम करायचं तर एका हातात कमान आणि दुसऱ्या हातात हत्यार, त्याला पायाच्या बोटांचा आधार. तोहोकूत 1885 च्या सुमारास एकट्या माणसाला पायाने चालवता येणारा लेथ पोहोचला आणि तिथल्या कारागिराचं काम पालटलं. दोरी ओढणारा जोडीदार लागेनासा झाला, फिरता दांडा हवा तितका वेळ एकसारखा ठेवता येऊ लागला आणि फिरत्या बाहुलीला नुसता ब्रश टेकवून गोल पट्टे काढणं सोपं झालं. कोकेशीच्या डोक्यावर आणि अंगावर दिसणारी ती बारीक रंगीत वर्तुळं अशीच येतात. ब्रश स्थिर, बाहुली फिरती.

सावंतवाडीच्या आणि कर्नाटकातल्या चन्नपट्टणच्या लाखकामात फिरत्या लाकडाचा याहून वेगळा उपयोग होतो. लाख म्हणजे पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर राहणाऱ्या बारीक किड्याने स्वतःभोवती सोडलेलं राळेसारखं कवच. ते खरवडून, धुऊन, वितळवून शुद्ध करतात. मंद निखाऱ्यावर लाख मऊ करून तिच्यात रंग कणकेसारखा मळतात आणि ओढून कांड्या करतात. ही थंड, कडक कांडी वेगाने फिरणाऱ्या लाकडावर दाबून धरली की घर्षणाने उष्णता तयार होते. लाख साधारण 70 अंशांच्या आसपास मऊ पडते. कांडीचं टोक तिथल्या तिथे वितळतं आणि लाकडावर रंगाचा पट्टा चढतो. ब्रश नाही, तेल नाही, वाळायची वाट बघणं नाही. वस्तू थांबली की रंग घट्ट.

मात्र हा पट्टा सुरुवातीला खडबडीत असतो, कुठे जाड, कुठे विरळ. त्यावर केवड्याच्या वाळलेल्या पानाचा तुकडा दाबून धरतात. पान गुळगुळीत, चिवट आणि उष्णतेला टिकणारं. त्याच्या घासण्याने लाख पुन्हा मऊ होते, सारखी पसरते, लाकडाच्या छिद्रांत शिरते आणि तिला काचेसारखी झाक येते. कापडाने हे जमत नाही, लाख त्याला चिकटते. दाब कमी पडला तर लाख गोळा होते, जास्त पडला तर जळून काळपट पडते. हे प्रमाण शिकवून येत नाही. कारागीर ते आवाजावरून आणि बोटाला लागणाऱ्या उष्णतेवरून ओळखतो.

लाखेचा रंग धरायला लाकूड बारीक पोताचं लागतं. चन्नपट्टणला ज्या झाडाचं लाकूड वापरतात त्याला कन्नडमध्ये हाले मर म्हणतात. ते झाड आपल्याकडे अनोळखी नाही. तो काळा कुडा. कोकणात पावसाळ्याच्या तोंडावर ज्याच्या फुलांची भाजी करतात तो पांढरा कुडा निराळा. दोघांची पानं मोडली की पांढरा चीक येतो, म्हणून गल्लत होते. ओळखायचं शेंगांवरून: पांढऱ्या कुड्याच्या जोडशेंगा मोकळ्या लोंबतात, काळ्या कुड्याच्या शेंगांची टोकं कोवळेपणी एकमेकींना चिकटलेली असतात. सह्याद्रीच्या पानझडी उतारांवर हे झाड उगवतं. हस्तिदंतासारखं दिसणारं ते लाकूड इथे सहसा सरपणात जातं, याची मला फार खंत वाटते.

आता कोकेशीच्या गोष्टीकडे नीट वळू, कारण तिच्यात आपल्याला घेण्यासारखं पुष्कळ आहे.

जपानच्या मुख्य बेटाच्या उत्तरेला तोहोकू नावाचा डोंगराळ, बर्फाळ भाग आहे. तिथे गरम पाण्याचे झरे पुष्कळ. सुगी संपली की शेतकरी कुटुंबं झऱ्याकाठच्या गावी जाऊन राहत, अंग शेकत. त्या डोंगरांत लेथवर वाट्या, तबकं, पेले करणारे कारागीर होते. त्यांना ‘किजिशी’ म्हणत. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत त्यांनी झऱ्यावर येणाऱ्यांसाठी उरल्यासुरल्या लाकडातून लहान बाहुल्या कातायला घेतल्या. गोल डोकं, दंडगोल अंग, हातपाय नाहीत. शेतकरी परतताना मुलीसाठी एखादी घेऊन जाई. महाडजवळ सवला गरम पाण्याची कुंडं आहेत, पालीजवळ उन्हेरेला आहेत, खाली रत्नागिरीत उन्हवरे, राजापूर. आपल्याकडे झऱ्यावर देऊळ झालं आणि जत्रा भरली. तोहोकूत झऱ्याकाठी लेथ बसला.

कोकेशीचे अकरा-बारा संप्रदाय मानले जातात आणि बहुतेकांची नावं झऱ्याच्या गावांची किंवा भागाची आहेत: नारुको, तोगात्ता, याजिरो, त्सुचियु, हिजिओरी, त्सुगारू आणि इतर. जाणकाराला डोक्याचा आकार, केसांची ठेवण, नाकाची रेघ आणि अंगावरचं फूल बघून गाव सांगता येतं.

नारुकोची कोकेशी मान फिरवली की चिर्र चिर्र आवाज करते. हा आवाज कसा येतो ते बघण्यासारखं आहे. डोकं आणि अंग वेगवेगळे काततात. अंगाच्या वरच्या टोकाला भोक, डोक्याला खाली मानेचा खुंट, आणि खुंटाचं टोक भोकापेक्षा किंचित जाड. अंग लेथवर वेगाने फिरत असतं. कारागीर डोकं हातात घट्ट धरून खुंट फिरत्या भोकावर दाबतो. घर्षणाने दोन्हीकडचं लाकूड तापतं, जरा मऊ पडतं आणि खुंट आत सरकतो. आत त्याच्यासाठी रुंद खोबण ठेवलेली असते. थंड झाल्यावर भोकाची कड आक्रसते आणि खुंट अडकतो. डिंक नाही, खिळा नाही. डोकं फिरतं, पण बाहेर येत नाही, आणि फिरताना लाकडावर लाकूड घासून ती बोलते. दाबण्याचा क्षण चुकला तर अंग फुटतं आणि दिवसभराचं काम वाया जातं.

हे कारागीर आपली कातायची हत्यारं स्वतः भट्टीत घडवतात. बाजारचं हत्यार त्यांच्या हाताच्या वळणाला बसत नाही. याचा मला विशेष आदर वाटतो. लोहार, कातारी आणि चित्रकार ही तीन कामं एका माणसात. चेहरा शेवटी, लेथवरून उतरवून, हाताने काढायचा: पापणीची एक रेघ, नाकाची एक, ओठाचा ठिपका. मग मेण.

या कलेवरही वाईट दिवस आले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कारखान्यातली खेळणी आली आणि कोकेशी मुलांच्या हातून सुटू लागली. तिला वाचवलं ते संग्राहकांनी. 1928 मध्ये आमाए तोमिया यांनी कोकेशीवर पहिलं पुस्तक काढलं. मग लोक गावोगाव जाऊन विचारू लागले: ही कोणी केली? त्याचे गुरू कोण? हा प्रश्न सतत विचारला गेल्यामुळे कारागीर बाहुलीच्या बुडावर सही करू लागला. तोवर ती नुसती झऱ्याकाठची बाहुली होती. आता ती अमक्याने केलेली, तमक्याच्या शिष्याने केलेली बाहुली झाली.

त्सुगारू भागातल्या नुरुयु या झऱ्यावरचे मोरी हिदेतारो यांचं उदाहरण घ्या. त्यांचा जन्म 1895 चा, मृत्यू 1986 चा. त्यांच्या कोकेशीच्या अंगावर पिवोनीची मोठी फुलं आणि दारुमाचा, म्हणजे बोधिधर्माचा, चेहरा असे. त्याच मुलखातले जगप्रसिद्ध काष्ठमुद्राचित्रकार मुनाकाता शिको यांनी त्यांच्या कामाची मनापासून तारीफ केली. आज त्या घराण्याच्या नमुन्याची कोकेशी दुसरा कोणी करतो तेव्हा ती कोणाच्या नमुन्यावरची, हे सांगितलं जातं. शिष्याने गुरूचा नमुना करणं तिथे चोरी मानत नाहीत. तो वारसा असतो, मात्र नाव सांगून घेतलेला. 1981 मध्ये जपान सरकारने मियागी प्रांताच्या कोकेशीला पारंपरिक हस्तकला म्हणून मान्यता दिली.

आता सावंतवाडी. इथल्या चितारी घराण्यांना सावंत-भोसले संस्थानाचा आश्रय होता. लाखकाम, गंजिफा, देव्हारे, पाट, खेळणी असं सगळं ते करत. संस्थान गेलं, मागणी गेली, प्लास्टिक आलं आणि विसाव्या शतकाच्या मध्यानंतर हात थांबू लागले. गंजिफा जाणणारे पुंडलिक चितारी तेव्हा म्हातारे झाले होते. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच काम सुरू करून त्यांच्याकडून ही विद्या शिकून घेतली, पुढच्या मुलांना शिकवली.  तेव्हा हे झालं नसतं तर गंजिफा बहुधा संग्रहालयाच्या काचेतच उरला असता. पिंगुळीतही असाच एक हात पुढे आला. परशुराम गंगावणे यांनी कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथी टिकवली, घराच्या गोठ्यात संग्रहालय उभं केलं आणि 2021 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

ही नावं आपल्याला ठाऊक आहेत, कारण त्यांच्यावर लिहिलं गेलं. सावंतवाडीच्या चितार आळीतून घेतलेल्या लाकडी फळांच्या परडीवर, भोवऱ्यावर, बाहुलीवर मात्र कोणाचंही नाव नसतं. आपल्या घराघरात होऊन गेलेल्या ठक्यांपैकी एखादी कोणी कोरली, हे आज सांगता येणार नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात दिनकर केळकरांनी जन्मभर खपून जमवलेल्या घरगुती वस्तू आहेत. अडकित्ते, दिवे, खेळणी बघताना मन भरून येतं आणि प्रत्येक वस्तूपाशी तोच प्रश्न उरतो: करणारा कोण? बलुतेदारीत सुताराला वर्षाचं धान्य मिळे. वस्तूला किंमत नसे, मग नावाला कुठून असणार. मला वाटतं, आपल्या लाकडी बाहुलीची पीछेहाट प्लास्टिकने जेवढी केली तेवढीच या बेनाव व्यवहाराने केली. नाव नाही म्हणून चांगल्या आणि सुमार कामात फरक पडत नाही. फरक पडत नाही म्हणून चांगलं काम करणाऱ्याला दोन पैसे जास्त मिळत नाहीत. आणि पैसे नाहीत म्हणून त्याचा मुलगा मुंबईला जातो.

कायद्याचा एक भाग कारागिराच्या बाजूचा आहे, तो माहीत असावा. खेळण्यांच्या गुणवत्तेचा केंद्र सरकारचा आदेश 1 जानेवारी 2021 पासून लागू झाला आणि खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोचं चिन्ह सक्तीचं झालं. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांना आणि भौगोलिक मानांकन मिळालेल्या खेळण्यांना त्यातून सूट आहे. म्हणजे महाडच्या एखाद्या सुताराने बाहुल्या करून विकायच्या ठरवल्या तर प्रयोगशाळेच्या खर्चाने त्याने घाबरून जाऊ नये. आधी कारागीर म्हणून नोंदणी करून घ्यावी. रंग मात्र मुलांना चालतील असेच वापरावेत, सूट असली तरी.

महाड आणि पोलादपूर तालुक्यांत काय आहे ते मोजून बघा. बांधावर पांगारा, उतारावर कुडा, परसात चिंच, ओढ्याकाठी केवडा. पळस आहे. फर्निचरचे कारखाने आहेत, तिथे विजेवरचे लेथ आहेत आणि पलंगाचे पाय कातणारे मिस्त्री आहेत. पलंगाचा पाय कातता येणाऱ्या हाताला कोकेशीचं अंग कातणं मुळीच अवघड नाही. तीच गोलाई, तेच हत्यार, फक्त माप लहान. शिमग्याच्या पालख्या आणि देवळातली नक्षी करणारे सुतारही अजून आहेत. रायगडावर वर्षभर लोक येतात आणि परतताना महाडहून नेण्यासारखं काही शोधतात. पायथ्याशी त्यांना मिळतात बाहेरगावच्या साच्यातल्या वस्तू. पांगाऱ्याच्या फांद्या छाटायच्या तर झाडाला त्रास नाही, उलट छाटल्यावर ते जोमाने फुटतं. पूर्ण झाड तोडायचं असेल तर मात्र वनखात्याचे नियम आधी विचारून घ्यावेत.

घेणाऱ्यासाठी चार गोष्टी. लाकडी बाहुली घेताना ती आधी उलटी करावी. बुडावर वर्तुळांचा मधला गाभा दिसत असेल तर पुढेमागे चीर पडण्याची शक्यता धरावी. वजनाला जड आणि हाताला थंड लागत असेल तर लाकूड नीट वाळलेलं नाही. लाखेचा रंग नखाने खरवडला तर पापुद्रा निघत नाही, ऑइल पेंटचा निघतो. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, म्हणून सॅनिटायझर किंवा कोलन वॉटर लावून ती पुसू नये. कोरडं सुती फडकं पुरे. उन्हात आणि गॅसच्या शेगडीजवळ लाख मऊ पडून डाग धरते. पावसाळ्यात बाहुली बंद प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नये, बुरशी येते. बाहुलीखाली पिठासारखी बारीक पूड पडलेली दिसली तर आत भुंगेरा आहे. लाकूड रंगवलेलं नसेल तर कडक ऊन द्यावं, रंगवलेलं असेल तर हवाबंद पिशवीत घालून फ्रीजरमध्ये काही दिवस ठेवावं आणि मग हळूहळू खोलीच्या तापमानाला येऊ द्यावं.

आणि दुकानदाराला करणाऱ्याचं नाव विचारावं. पहिल्यांदा तो सांगू शकणार नाही, कारण कोणी विचारलेलंच नसतं. पुढच्या खेपेला तो विचारून ठेवेल. नाव मिळालं की बुडावर पेन्सिलीने लिहायचं, शेजारी गाव आणि साल. शाईने लिहू नये, ती कच्च्या लाकडात पसरते.